मानेत की काखेत

दोन एडक्यांची टक्कर सोडवायला गेलेला मल्हारी स्वतःच आडवा झाला आणि डावा हात कोपराखाली मोडून बसला. आता जालन्याच्या दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टर प्रीती त्याला समजावत होत्या आणि त्याला त्यातलं निम्मंही उमगत नव्हतं.

"मामा, पूर्ण झोपवायचं नाही, फक्त हात बधिर करायचा. मानेच्या मुळाशी सुई दिली तर एका टोचणीत काम होतं. पण कधी कधी त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास सुस्तावतो. धडधाकट माणसाला ते निभतं. काखेत द्यायची तर जास्त टोचावं लागतं, वेळ लागतो, पण श्वासाला धक्का नाही. छातीचा काही आजार होता का?"

हात मोडला कोपराखाली, सुई मानेत, आणि चौकशी छातीची! मल्हारीचं डोकं गरगरलं. त्यात शेजारी स्टुलावर शिवशंकर बसलेला. नुकताच मल्हारीच्या मुलीला, रेणूला, आपल्या मुलासाठी पसंत करून गेलेला हा व्याही, हसनाबादहून मुद्दाम भेटायला आला होता. त्याला बाहेर जा कसं म्हणायचं? आणि मागं टीबीनं उजवं फुप्फुस खाल्लं हे त्याच्यादेखत बोललं, तर सोयरीक तिथंच मोडायची. शिवाय दुखणं उजवीकडचं, सुई डावीकडं. संबंध काय?

"कायबी न्हाई," तो म्हणाला. "मानेतच द्या. मेंढरांला आम्ही दरसाल मानेतच लस टोचतो. एकबी दगावलं न्हाई."

त्याची बायको जयवंताबाई पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी कानातली तपासायची नळी छातीला लावली. उजवीकडं ती बराच वेळ थांबली.

"मामा, मेंढराला टोचायच्या आधी काय बघता?"

"आजारी हाय का ते. आजाऱ्याला टोचलं तर मरतं..." मल्हारी बोलता बोलता थांबला.

"एक बाजू आधीच गेलेली असेल आणि चांगली बाजू माझ्या सुईनं सुस्तावली, तर श्वास कशानं घेणार?"

मल्हारीनं जयवंताबाईकडं पाहिलं. सोयरीक मोडली तर पोरगी रडेल. बाप गेला तर?

"टीबी झाल्ता. औषध पुरं केलं, बरा झालो. पर उजवं बाद हाय."

शिवशंकर उठला आणि बाहेर गेला. जयवंताबाईच्या डोळ्यांना धार लागली. आपण शहाणपणा केला की वाटोळं, हे मल्हारीला कळेना.

सुई काखेत दिली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, सावकाश. हाताला मुंग्या आल्या, मग तो जड झाला, मग परक्याचाच वाटू लागला. श्वास मात्र नीट चालला होता.

ऑपरेशन होऊन खाटेवर आणलं तरी त्याची नजर उजवीकडच्या दाराकडंच होती. स्टूल रिकामं होतं.

"आवो, इकडं बघा की," जयवंताबाई म्हणाली.

डावीकडं खाटेच्या कडेला शिवशंकर बसला होता. मल्हारीची पट्टीबाहेर आलेली बोटं त्यानं दोन्ही हातांत धरली होती. मल्हारीला काहीच कळलं नव्हतं.

"कवाधरनं बसलाव, पाव्हणं?"

"तुम्हाला आणलं तवापासून. डॉक्टरीणबाईला इचारून आलो. बऱ्या झालेल्याचा टीबी लागत न्हाई म्हणे." शिवशंकर पुढं वाकला. "पर व्याही, आता आपल्यात चोरून ठेवायचं न्हाई."

मल्हारीला त्याचा हात घट्ट दाबायचा होता. बोटं हलेनात.