पोटात लागलेला बाण

उजाडायच्या आधीच आर्लीन मचाणावर चढून बसली. डिसेंबर सरत आला होता आणि विस्कॉन्सिनचं ते रान हाडापर्यंत गारठलं होतं. ओकच्या झाडावरचं हे मचाण तिच्या नवऱ्यानं, ऑर्विलनं बांधलेलं. तो गेल्यावर जमीन दिराकडे, ड्वेनकडे आली. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत त्यानं बजावलं होतं, "बाण चुकला तर चुकू दे. पण जखमी हरीण हातचं घालवलंस, तर मचाण माझ्या जावयाचं."

झुंजूमुंजू झालं तशी हरिणी आली. आर्लीनची बोटं बधिर झाली होती. बाण सुटतानाच तिला कळलं, काळजाच्या वीतभर मागे लागणार. हरिणीनं पाठीची कमान केली. पळाली नाही, दमल्यासारखी चालत जाऊन कुंपणाअलीकडच्या वाळक्या गवतात बसली.

पोटात लागलेलं हरीण बसलं की त्याला बसू द्यायचं. दुपारपर्यंत ते जागीच मरतं. मागे गेलात की उठतं, पळतं, हरवतं. आर्लीनला हे शिकवलं होतं ड्वेननंच.

ती थांबली. हरिणी मान टाकायची, पुन्हा उचलायची. तिनं लवकर मरावं असं आर्लीनला वाटत होतं. दया म्हणून नव्हे, मचाणासाठी.

उन्हं वर आल्यावर ड्वेन आला.

"लागला का?"

"हळू बोल. पोटात लागलाय. ती बघ, तिथं बसलीय. पुढं जाऊ नकोस."

त्यानं आरपार जाऊन बर्फात पडलेला बाण उचलून हुंगला. "शी! नुसता शेणाचा वास. काळीज कुठं असतं ते ऑर्विलनं दाखवलं नव्हतं वाटतं?"

"ड्वेन, दुपारपर्यंत थांब ना."

"माझ्याच जमिनीत मी चालायचंही नाही?"

तो शीळ घालत, बूट आपटत थेट गवताकडे निघाला. हरिणी उठली, धडपडली, कशीबशी कुंपणापार गेली आणि पलीकडच्या बर्फात कोसळली.

आर्लीन उतरून धावत कुंपणाशी आली. तिनं दुसरा बाण चढवला.

"पलीकडं मारलास तर वनखात्याला मीच फोन करीन," ड्वेन म्हणाला. "शिकारीचा परवानाही जाईल. जमीन शेजारच्या क्नुट्सनची आहे, त्याला विचारल्याशिवाय तिथं मारता येत नाही."

"तडफडतेय रे ती."

"मग विचार क्नुट्सनला."

तिनं धनुष्य खाली ठेवून फोन लावला. पलीकडच्या घरात घंटी वाजत राहिली.

"फ्लोरिडाला गेलाय म्हातारा, ईस्टरपर्यंत. मीच विमानतळावर सोडलं त्याला. मोबाइल बाळगत नाही तो."

आर्लीननं फोन खिशात टाकला. धनुष्य उचललं नाही. हरिणीचं तोंड उघडं होतं. तिनं मान उचलली, टाकली.

ड्वेननं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. "ऑर्विल असता तर मारला असता बाण," तो म्हणाला. मग मचाणावरून पडू नये म्हणून तिनं कमरेला बांधलेल्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तो मचाणाचा पट्टा सोड. जावयाला लागेल."