मावशी फाटली त्या शनिवारची गोष्ट

मावशी फाटली हे शनिवारी सकाळी पावणेनऊला उघडकीला आलं, आणि नऊला तर शिबिर सुरू व्हायचं होतं.

घाबरू नका, मावशी रबराची होती. समुद्रातल्या डॉल्फिन आणि देवमाशांना वाचवणारं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळाकडे सरावासाठी साडेतीन मीटर लांबीचा रबरी डॉल्फिन होता. आत पाणी भरलं की तो खऱ्याइतका जड व्हायचा. किनाऱ्यावर अडकलेल्या प्राण्याला ओलं कसं ठेवायचं, उचलायचं कसं, पाण्यात न्यायचं कसं, हे सगळं नव्या लोकांना त्याच्यावरच शिकवत. त्याला मावशी हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण वर्षानुवर्षं सगळ्यांचं निमूटपणे सोसून घेणारं माणूस प्रत्येक घरात एक असतंच, तशी ही मंडळाची मावशी.

मंडळाचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथल्या कपाटातून ताईंनी मावशीला ओढून बाहेर काढलं आणि पंप लावला, तर मावशीने एक लांबलचक सुस्कारा सोडला. पोटाला हातभर चीर होती. ताई म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरी, आणि अध्यक्षांची सख्खी मोठी बहीण. त्यांनी चिरीत हात घालून बोटं हलवून पाहिली.

"उंदीर," त्या म्हणाल्या.

"उंदीरच," अध्यक्ष म्हणाले, जरा घाईनेच.

हातभर चीर पाडणारा उंदीर कुणी पाहिलाय का? पण चोराच्या मनात चांदणं. मावशी खुद्द अध्यक्षांनीच फाडली होती.

त्याचं असं झालं, की अध्यक्षांना पोहता येत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कितीतरी लोकांना येत नाही, त्यांचं काही अडतं का? पण हे गृहस्थ एकोणीस वर्षं या मंडळाचे अध्यक्ष होते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मंडळाची पुस्तिका त्यांनीच लिहिलेली, चांगली एक्केचाळीस नियमांची. त्यातला तिसरा नियम असा: 'ज्यास पोहता येत नाही त्याने गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊ नये व मंडळात प्रमुखपद घेऊ नये.' लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, ही म्हण इतकी शब्दशः दुसऱ्या कुणाला लागू पडली नसेल. एकोणीस वर्षं प्रत्येक मोहिमेत ते गळ्यात शिट्टी अडकवून वाळूवर उभे राहायचे. "कुणीतरी किनाऱ्यावरून लक्ष ठेवायला हवं ना," असं म्हणायचे. लोकांना ते पटायचंही.

पण या वर्षी घोडं अडलं. संध्याकाळी पाचला निवडणूक होती आणि अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच दुसरा अर्ज आला होता, उपाध्यक्ष असलेल्या डॉक्टरबाईंचा. त्या जनावरांच्या डॉक्टर, आणि पाण्यात उतरल्या की बाहेर यायचं नाव घेत नसत. शिवाय ताईंनी यंदा अर्ज नवे छापून आणले, त्यात शेवटी एक जास्तीची ओळ: 'नियम तीनप्रमाणे मला पोहता येते.' खाली सहीची जागा.

बत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका असं सांगितलेल्या माणसाला ती सही करवेना. म्हणून गेले सहा आठवडे अध्यक्ष उजाडायच्या आत मावशीला गुपचूप काखोटीला मारून समुद्रावर नेत होते. तिच्यात हवा भरायची, तिच्या गळ्यात पडायचं आणि पाय मारायचे. परवा गुरुवारी एक लाट आली, दोघं खडकावर आदळली, आणि मावशीने प्राण सोडला. अध्यक्षांनी तिची नीट घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. पोहणं काही आलं नाही. अर्ज खिशातच होता, बिनसहीचा.

"शिबिर पुढच्या महिन्यात ठेवू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नऊ लोक रजा टाकून आलेत," ताई म्हणाल्या. "बेकरीवाल्याने तर दुकान बंद ठेवलंय. माणसालाच डॉल्फिन करू." मग त्यांनी भावाला वरून खालपर्यंत न्याहाळलं, मध्ये पोटापाशी थोडं थांबून. "आकार बघता मला एकच नाव सुचतंय."

"ताई, मी अध्यक्ष आहे."

"पाच वाजेपर्यंत," ताई म्हणाल्या.

नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? मावशीची जागा रिकामी कुणामुळे झाली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. करावं तसं भरावं. साडेनऊला अध्यक्ष बनियन आणि अर्ध्या चड्डीत ओल्या वाळूवर पालथे पडले होते आणि नऊ अनोळखी माणसं त्यांच्याकडे करुणेने बघत होती.

बेकरीवाला आणि टेलरबाई हे दोघे पथकाचे म्होरके. दोघांनी पुस्तिका पाठ केली होती. बेकरीवाल्याची प्रत तर लोण्याने पारदर्शक झालेली. त्यांनी अध्यक्षांवर ओल्या चादरी टाकल्या. हात अवघडू नयेत म्हणून दोन्ही हातांखाली खड्डे खणले, कारण पुस्तिकेत परांखाली खणा असं लिहिलंय. ताई सापडलेल्या प्राण्याच्या नोंदीचा फॉर्म घेऊन बसल्या.

"लांबी?"

टेलरबाईंनी टेप लावली. "पाच फूट पाच."

"घेर?"

टेलरबाई थोड्या घुटमळल्या. "लिहायचाच का?"

"लिहा."

"सेहेचाळीस."

फॉर्मच्या तळाशी 'शेवट' असा रकाना होता. समोर तीन चौकोन: समुद्रात सोडला, दगावला, ठेवून घेतला. ताईंनी तो अर्थातच रिकामा ठेवला.

मग बादल्या सुरू झाल्या. डॉल्फिनचं श्वासाचं छिद्र डोक्यावर असतं, त्यात पाणी जाता कामा नये, हा नियम सहावा. बेकरीवाल्याने अध्यक्षांच्या टकलावर स्वतःची टोपी धरली, तिथे एक थेंब पडू दिला नाही, आणि तोंडावर बादल्यांमागून बादल्या ओतल्या.

"नाकात जातंय," अध्यक्ष गुदमरत म्हणाले.

बेकरीवाला थबकला. "आवाज काढतोय."

"नियम नऊ," टेलरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "प्राणी तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढेल. उत्तर देऊ नये."

"अहो, मी सांगतोय ना, नाकात..."

"किती छान करतायत," बेकरीवाला कौतुकाने म्हणाला, आणि त्याने पुढची बादली ओतली.

आपल्याच पुस्तिकेने अशी खोड मोडलेला लेखक विरळा. फिरायला आलेल्या एक आजी थांबल्या आणि याला काय झालंय म्हणून विचारू लागल्या. अडकलाय, असं टेलरबाईंनी सांगितलं. "घरचं कुणी नाही का?" आजींनी विचारलं, तर सगळ्यांनी ताईंकडे बोट दाखवलं. ताईंनी फॉर्ममधून मान वर केली नाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण अकराला भरती चढली, आठ जणांनी अध्यक्षांना ताडपत्रीत घालून उचललं आणि पथक पाण्याकडे निघालं. पाणी त्या लोकांच्या गुडघ्याला लागलं, मग कमरेला लागलं, आणि अध्यक्षांना एकोणीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली.

त्या सकाळी याच वाळूवर एक डॉल्फिन आली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. ते तिच्याजवळ बसले, तिच्यावर सदरा भिजवून घातला, भरती आल्यावर तिला ढकलत ढकलत पाण्यातही नेलं. पण पाणी कमरेला लागलं आणि त्यांचे पाय थिजले. अजून दहा पावलं हवी होती. ती त्यांना टाकता आली नाहीत, आणि डॉल्फिन तिथेच दगावली. त्यांनी मंडळ काढलं ते तिच्यासाठी. तिसरा नियमही त्यांनी स्वतःवरूनच लिहिला होता. फक्त तो पाळायचा राहून गेला.

"थांबा," ते म्हणाले. "मला खाली ठेवा."

"नियम नऊ," आठही जण पुटपुटले, आणि छातीभर पाण्यात त्यांनी ताडपत्री काढून घेतली.

अध्यक्ष बुडाले. वर आले, खारं पाणी थुंकले, आणि जीव घेऊन किनाऱ्याकडे वळले. बेकरीवाल्याने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून हळुवारपणे पुन्हा समुद्राकडे फिरवलं. नियम चौदा: सोडलेला प्राणी किनाऱ्याकडे परत येतो. दया दाखवू नये.

दुसऱ्यांदा वर आल्यावर अध्यक्ष ओरडले, "मला पोहता येत नाही!"

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. हे वाक्य डॉल्फिनच्या तोंडी कसं आलं, हे कुणाला कळेना. तरी टेलरबाईंनी त्यांना पुन्हा फिरवलंच.

तेवढ्यात मागून डॉक्टरबाई पाणी कापत आल्या. "नियम बारा कुणी वाचलाय?"

कुणीच वाचला नव्हता. सगळ्यांनी बेकरीवाल्याच्या प्रतीवरून सराव केला होता, आणि तिच्यात अकरा ते तेरा या नियमांची पानं लोण्याने चिकटलेली होती. डॉक्टरबाईंना मात्र तो तोंडपाठ होता. "पाण्यात नेल्यावर प्राण्यास एकदम सोडू नये. तोल सापडेपर्यंत दोन्ही बाजूंनी धरून ठेवावे. अर्धा तास लागला तरी घाई करू नये."

चार हात पाठीखाली आले, दोन मानेखाली. डॉक्टरबाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "डोकं मागे टाका. कान पाण्यात जाऊ देत, काही होत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षांपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आता पोट वर. ते आहे तुमच्याकडे भरपूर."

अर्धा तास ते सगळे तसेच उभे राहिले. कुणी घाई केली नाही, कारण तसं लिहिलेलं होतं. हळूहळू एकेक हात निघाला. शेवटचा हात कधी निघाला ते अध्यक्षांना कळलंच नाही. वर आभाळ होतं, खाली पाणी होतं, मधे सेहेचाळीस इंच घेराचे ते स्वतः, आणि बुडत नव्हते. त्यांना रडू आलं. एवढ्या पाण्यात ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

पाचला ऑफिसात सभा भरली. अध्यक्ष उठले आणि बिनसहीचा अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं येत नव्हतं. आणि मावशीला उंदराने फाडलं नाही, मी फाडलं. मला या पदावर राहायचा हक्क नाही."

असं म्हणून ते खाली बसले. मग मतदान झालं आणि डॉक्टरबाई अध्यक्ष झाल्या. सगळे हात वर होते, त्यात जुन्या अध्यक्षांचाही होता. छातीत दुखलं त्यांच्या, उगाच कशाला लपवा. एकोणीस वर्षांची खुर्ची होती.

बेकरीवाल्याने चाचरत विचारलं, "आता पुढच्या शिबिराला मावशीच्या जागी कोण?"

नवी मावशी यायला वर्ष तरी लागणार होतं. सगळे जमिनीकडे बघू लागले. एकच हात हळूहळू वर आला, आणि हा ठराव एकमताने पास झाला. टेलरबाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

लोक गेल्यावर ताई फॉर्म पुरा करायला बसल्या. भाऊ समोरच्या खुर्चीत होता, कानातून अजून पाणी निघत होतं.

"माझं तुला लहानपणापासून माहीत आहे," तो म्हणाला. "तरी ती ओळ छापलीस?"

"म्हणून तर छापली. तू आपणहून सांगायला अजून किती वर्षं घेणार होतास?"

ताईंनी पेनाचं टोपण काढलं, 'शेवट'पाशी आल्या, 'ठेवून घेतला' या चौकोनात बरोबरची खूण केली आणि फॉर्म फाइलला लावला.

"उद्या सहाला ये समुद्रावर," त्या म्हणाल्या. "मोठा झालास की शिकवीन, असं मी तुला म्हटलं होतं. राहूनच गेलं बघ ते. आणि टॉवेल आण, माझा देणार नाही."