फाळक्यापलीकडचा समुद्र

मित्रांनो, मी एक जुना मेटाडोर आहे. 'जुना' हा शब्द दुसऱ्या कुणी लावायच्या आधी मीच लावून घेतो, म्हणजे निदान मान तरी राहतो. माझा एक दिवा दुसऱ्यापेक्षा जरा तिरका आहे आणि चढ लागला की मी खोकतो. पण एकदा निघालो की वाटेत बसकण मारायची नाही, हा माझा स्वभाव आहे. या स्वभावाच्या जोरावरच मी वऱ्हाडातून निघून मुंबईचा समुद्र पाहून आलो.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला घर मिळाले ते तिवशाजवळच्या एका मळ्यात. डोमाजी आणि सत्यभामाबाई हे माळी नवराबायको मला घरी घेऊन आले तेव्हा सत्यभामाबाईंनी माझ्या नाकावर कुंकवाचे बोट ओढले आणि नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर आणि दसऱ्याला झेंडू, असा माल घेऊन डोमाजी मला अमरावतीच्या बाजारात नेई. भाजी उन्हात कोमेजू नये म्हणून तिच्यावर ओली पोती पसरलेली असत. आमच्याकडचे ऊन असे की तासाभरात पोती खडखडीत वाळत आणि वाटेत थांबून पुन्हा भिजवावी लागत.

पावसाळ्यात काळ्या मातीत माझे चाक रुते. अशा वेळी लोक आरडाओरडा करतात, जोर लावतात आणि गाडी आणखी खोल घालतात. डोमाजी मात्र शांतपणे चाकापुढे पोती अंथरी, मला पोत्याएवढा पुढे घेई, मागचे पोते उचलून पुन्हा पुढे टाकी. असे करत आम्ही पांदणीतून सडकेला लागत असू. तो म्हणे, काळी माती जोराचे ऐकत नाही, धीराचे ऐकते. मीही ते मनाशी बांधून ठेवले.

एकदा बाजार उरकून आम्ही बडनेऱ्याला कुणाकडे तरी गेलो होतो. फाटक बंद होते आणि मुंबईची गाडी धडधडत समोरून गेली. सत्यभामाबाई शेजारी बसल्या होत्या. समुद्र म्हणजे आपल्या तलावापेक्षा किती मोठा, असे त्यांनी विचारले. डोमाजीलाही ठाऊक नव्हते. म्हणून त्याने शब्द देऊन टाकला, की एक दिवस मी तुला तो दाखवीन. पुढे दरवर्षी तो शब्द निघे आणि दरवर्षी वांग्याची तोडणी, नाहीतर झेंडूची लागवड आडवी येई. मळ्याला सुट्टी नसते, मित्रांनो.

मग माझे वय झाले. नवी पिकअप गाडी आली आणि मला कडुनिंबाखाली उभे केले. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे. नवी गाडी हॉर्न वाजवत बाहेर पडे तेव्हा मी तिच्याकडे पाहत नसे.

आणि एका सकाळी डोमाजीच पडला. उजवा हात, उजवा पाय लकव्याने गेला. दवाखान्यात नेताना चौघांनी त्याला उचलले. त्यातला एक जण सहज बोलून गेला, की कट्टा जड आहे. त्याच्या मनात काही नव्हते. पण ज्या माणसाने जन्मभर भाजीने भरलेले कट्टे पाठीवर वाहिले, त्याला तो शब्द काट्यासारखा रुतला. घरी आल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की पाय अजून गेलेला नाही, पण रोज पाऊल टाकले नाही तर तो कायमचा जाईल. चालायचा वॉकर आणला. तो कोपऱ्यात उभा राहिला, अगदी माझ्यासारखा. लोकांसमोर लंगडत, पडत, उचलला जात चालायचे, हे डोमाजीला मान्य नव्हते.

सत्यभामाबाई एकदा हट्टाला पेटल्या की वरून देव आला तरी ऐकत नाहीत. त्यांनी लेकीला, करिश्माला सांगितले, की आपण मुंबईला जायचे आणि समुद्र पाहायचा. करिश्मा बापाची लेक शोभावी अशी. तो पडल्यापासून बाजाराची पिकअप तीच चालवत होती. पण डोमाजीला फार वेळ बसवत नव्हते, जिने चढता येत नव्हते आणि परक्या ठिकाणी न्हाणीघरात जायचे म्हणजे मरणच. रेल्वे नको, लॉज नको. मग घरच सोबत नेले तर? आणि सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली.

डोमाजी म्हणाला, "तू जाऊन ये पोरीसंग. मले काय करा लागते समुद्र?"

"पाहीन तं तुमच्यासंग पाहीन," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नाई तं नाई."

त्याने भिंतीकडचे तोंड इकडे वळवले. मग म्हणाला, "येतो. पण मले कोणी उचलाचं नाही. मी काही कट्टा नाही."

करिश्माने माझे इंजिन उतरवून दुरुस्त करून घेतले, परिवहन कार्यालयात खेटे घालून कागद नवे केले आणि मला अकोल्याच्या जुन्या शहरात नेले. तिथे सत्यभामाबाईंचे मावसभाऊ जानराव यांचे दुकान आहे. जानराव पत्र्याचे कूलर बनवतात आणि तेही असे, की वैशाखात खोलीत गोधडी घ्यावी लागेल. त्यांनी मला छत दिले, खाट दिली, ओटा, शेगडी, आडोशाला न्हाणी दिली, बायकांना चढायला बाजूने अरुंद दार दिले. पण हाडाचा कूलरवाला तो! खिडक्या केल्या हातभर आणि त्यांवर पोत्याचे पडदे. मागच्या बाजूला, माझ्या खाली पडणाऱ्या दारावर म्हणजे फाळक्यावर अख्खा कूलर बसवला, वाळ्याच्या ताट्या लावून. डोमाजी आत आला की कूलर बोल्टने आवळायचा आणि मग उन्हाची काय बिशाद! आजाऱ्याला झळ लागता कामा नये, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. आमच्याकडे काळजी घेणे म्हणजे आधी दारेखिडक्या लावणे.

मळ्यात माल चढवायचा ओटा माझ्या हौद्याएवढाच उंच आहे. डोमाजीची चाकांची खुर्ची त्यावरून थेट आत आली. कुणी त्याला उचलले नाही. जुनी लांब फळी आणि पोत्यांची चळत खाटेखाली गेली आणि आम्ही निघालो.

अमरावती, अकोला, मलकापूर, सगळा मुलूख तव्यासारखा तापला होता आणि माझ्या पोटात मात्र गारवा. सत्यभामाबाई जानरावांचे नाव काढून आशीर्वाद देत होत्या. मीही ताठ होतो. नाशिक मागे पडले. कसाऱ्याचा घाट मी जपून उतरलो. मागून येणाऱ्या मोठ्या गाड्या चिडून हॉर्न वाजवत होत्या, वाजवू दिले. घाट उतरलो आणि काहीतरी बिनसले. हवा अंगाला चिकटू लागली. आत गरम होतेय असे वाटून सत्यभामाबाईंनी कूलरमध्ये आणखी पाणी ओतले. पोती आणखी भिजवली.

मग मुंबई लागली. मित्रांनो, एवढ्या गाड्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. दादरच्या फुलबाजारावरून जाताना झेंडूचे ढीग दिसले आणि माझे जुने दिवस आठवले. वरळी झाली, चौपाटी झाली, गेटवे झाले. कुठेही थांबायला जागा नव्हती. जरा थबकलो की शिट्टी वाजे आणि हवालदार पुढे हाकले. करिश्मा केबिनच्या झडपेतून आत ओरडून सांगे, की बाबा, उजव्या हाताला समुद्र आला, बाबा, हे मोठ्ठे हॉटेल. आणि बाबा काय पाहत होते? खाटेच्या समोर होता कूलर. मुंबई पाहायला निघालेला माणूस मुंबईभर कूलरच पाहत होता. खिडक्यांवर ओली पोती, मागे ओल्या ताट्या, आत कोंदट वाफ. त्याला दम लागू लागला. अंगावरचा सदरा पिळून निघेल इतका घाम.

उत्तरेकडे मढच्या बाजूला कोळ्यांची जाळी वाळत घातलेली एक लहानशी पुळण होती. तिथे करिश्माला जागा मिळाली आणि तिने मला मागे घेऊन, पाठ वाळूकडे करून लावले. आत डोमाजी क्षीण आवाजात म्हणाला, "चाल वापस. पाहून झालं."

करिश्माचा चेहरा उतरला. अशा हवेत बाबांना आणखी ठेवणे धोक्याचे, आपण लगेच फिरू, असे ती आईला म्हणाली. आता परतलो, तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील आणि मग त्याचे पाऊल कधीच पडणार नाही, हे त्या दोघींना कळत होते. मलाही कळत होते. पण मी चाकांवर उभा. मी काय करणार?

सत्यभामाबाई डोळ्यांतले पाणी लपवायला ओट्याकडे वळल्या. तिथे घरून आणलेली सांबाराची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. उघडली तर काळी, बुळबुळीत. त्यांनी ती हुंगली. मग खिडकीवरच्या पोत्याला हात लावला. ते सकाळी भिजवलेले पोते अजून टपटपत होते. जन्मभर ज्यांनी पोती भिजवली आणि वाळताना पाहिली, त्या बाई तिथेच थबकल्या.

"करिश्मा, हे पोतं वाळलंच नाही वं," त्या म्हणाल्या. "हवाच वली हाय इथली. वल्याले वलं करून आपण याईले सडवून राहिलो. काढ तो कूलर."

कूलर काढायचा म्हणजे बोल्ट खोलायचे, आणि पाना नेमका खाटेच्या बाजूला डोमाजीच्या हाताशी होता. करिश्माने तो मागितला. डोमाजीने पाना उचलला, पण दिला नाही. खुर्ची पुढे सरकवायला सांगितली आणि डाव्या हाताने तो स्वतःच एकेक बोल्ट ढिला करू लागला. पाना निसटे, तो पुन्हा लावी. आजारी पडल्यापासून त्याने हातात घेतलेले हे पहिले काम. मीही माझे गंजके आटे सैल सोडता येतील तेवढे सोडले.

कूलर बाजूला झाला. फाळका धाडकन खाली पडला.

वारा असा आत शिरला की सगळी पोती फडफडली. आणि समोर समुद्र होता. मी त्याला पाठ करून उभा होतो, तरी माझ्या पोटातून तो मला जाणवला. डोमाजीचा दम हळूहळू बसला. पलीकडे काठ दिसत नाही, एवढेच तो पुटपुटला.

मग त्याने फळी लावायला सांगितली. जिच्यावरून वांग्याचे कॅरेट उतरत, त्याच फळीवरून त्याची खुर्ची खाली उतरली. पण चार हात गेली आणि तिची पुढची चाके वाळूत रुतली. जाळ्यांपाशी बसलेले दोघे कोळी चांगले लोक होते. ते लगबगीने उठून आले आणि काकांना उचलून नेऊ का, म्हणून विचारू लागले. डोमाजीचा चेहरा दगडासारखा झाला. करिश्मा मदतीला हो म्हणणार होती. सत्यभामाबाईंनी तिचा हात दाबला.

डोमाजी रुतलेल्या चाकाकडे पाहत होता. ते पाहणे मी ओळखले. पांदणीतल्या चिखलात माझ्या चाकाकडे तो असाच पाही.

"वॉकर आण," तो म्हणाला. "आन् पोते टाका समोर."

खिडक्यांवरची पोती आली. भिजून जड झालेली ती पोती वाळूवर घट्ट बसली. डोमाजी खुर्चीतून उठला, डगमगला, वॉकर धरून उभा राहिला आणि पहिले पाऊल पोत्यावर टाकले. उजवा पाय ओढत आला, पण आला. लेकीने मागचे पोते उचलून पुढे अंथरले. पुन्हा पाऊल. पुन्हा पोते. एकदा तो गुडघ्यावर टेकला; कोळी पुढे सरसावले, त्याने मान हलवून नको म्हटले आणि वॉकरला धरून स्वतःच वर आला. घाई नव्हती. वाळूही जोराचे ऐकत नाही, हे त्याला ठाऊक होते. मी उघड्या फाळक्यातून एकेक पोते मोजत होतो.

शेवटच्या पोत्यावर तो पोचला आणि एक लाट येऊन त्याचे दोन्ही पाय भिजवून गेली. सत्यभामाबाई शेजारी उभ्या होत्या, लुगडे वर खोचून. डोमाजी त्यांच्याकडे वळला.

"घे वं," तो म्हणाला. "दाखोला तुले समुद्र."

सत्यभामाबाई तेव्हा रडल्या आणि रडताना हसल्याही.

आम्ही परत आलो. घाट चढल्यावर कूलर पुन्हा फाळक्यावर बसला, कारण वऱ्हाडात वैशाख त्याच्याशिवाय निघत नाही आणि जानरावांवर कुणाचाच राग नव्हता. समुद्राच्या खारट वाऱ्याने माझा पत्रा खाऊ नये म्हणून करिश्माने मला विहिरीच्या गोड पाण्याने चाकांपर्यंत धुतले. आता मी पुन्हा कडुनिंबाखाली उभा असतो, पण कोंबड्यांना आत यायला मनाई आहे. रोज सकाळी डोमाजी वॉकर घेऊन घरापासून माझ्यापर्यंत चालत येतो, डाव्या हाताने माझी काच पुसतो आणि परत जातो. वाटेत आता पोती लागत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी जुने असेल, माणूस किंवा माझ्यासारखे यंत्र. त्याची काळजी जरूर घ्या, पण काळजीपोटी त्याच्या समोरचा फाळका लावून टाकू नका. आणि त्याचे चाक कुठे रुतले, तर त्याला उचलायला धावण्याआधी एक पोते पुढे टाकून पाहा.