पाठ नसलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात येणारा प्रत्येक जण मला स्टूल म्हणतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मला पाठ नाही, हे खरं. पण जन्माला आले तेव्हा होती. चांगली उंच, तीन पट्ट्यांची, वरच्या पट्टीला सुंदर बाक दिलेली पाठ होती माझी.

एका सुताराने आम्हा चौघी बहिणींना एकाच लाकडातून घडवलं. माणूस मोठा चिकाटीचा. रंधा मारून झाला की डोळे मिटून आमच्यावरून तळहात फिरवायचा, आणि बारीकसं कुसळ जरी टोचलं तरी "हं!" म्हणून पुन्हा घासायला बसायचा. त्यानेच आम्हाला एका लहानशा घरी पोचवलं. त्या घरातले बाबा बस चालवायचे आणि आई एका पार्लरमध्ये बायकांचे केस कापायची. मीही तिला आईच म्हणते. इतकी वर्षं एकाच स्वयंपाकघरात काढल्यावर दुसरं काय म्हणणार?

आता पाठ कशी गेली, ते ऐका. बाबा दिवसभर स्टिअरिंगमागे ताठ बसलेले असायचे. त्यामुळे घरी आले की माझ्यावर मस्त रेलायचे. माझे पुढचे दोन पाय हवेत आणि त्यांच्या हातात पेपर. आई रोज सांगायची, "पडाल हो एखाद दिवशी!" बाबा म्हणायचे, "एवढी मोठी बस सांभाळतो, एक खुर्ची नाही सांभाळता येणार?" आणि एके दिवशी धाडकन पडले. त्यांच्या डोक्याला टेंगूळ आलं आणि माझी पाठ निखळून बाजूला पडली. मला सुताराकडे न्यायचं सोडून बाबांनी करवत आणली आणि उरलेले खुंटही कापून टाकले. मला वाटलं, संपलं सगळं. आता माझी रवानगी माळ्यावर.

पण आई म्हणाली, "बरंच झालं. मागे उभं राहायला जागा झाली. आता ही माझी."

त्या दिवसापासून मी घरातली केस कापायची खुर्ची झाले. सुट्टीच्या सकाळी खाली जुने पेपर अंथरायचे, मला खिडकीजवळ ओढायचं, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळायची आणि आईची कात्री सुरू. बाबांचे केस लवकरच आपापल्या वाटेने निघून गेले, त्यामुळे त्यांचा आणि माझा संबंध तसा तिथेच संपला. मी उरले ती मुलांसाठी.

थोरला पहिल्यांदा माझ्यावर बसला तेव्हा त्याचे पाय माझ्या कडेच्या पुढेसुद्धा येत नव्हते. कात्री पाहून त्याने असं भोकाड पसरलं, की शेजारच्या काकू धावत आल्या! मग बाबा समोर उभे राहिले आणि तोंडाने बस चालवू लागले. हॉर्न, ब्रेक, वळण, मध्येच आडवी आलेली म्हैस, सगळं तोंडाने. थोरला आ वासून बघत राहायचा आणि तेवढ्यात आई दोन बटा उडवायची. शेवटी बाबा घामाघूम, आई घामाघूम, आणि मुलाच्या डोक्यावर जिथे तिथे पायऱ्या. आई त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणायची, "एवढंसं डोकं हे. अख्खं माझ्या ओंजळीत मावतं." तेव्हा तिला वाटायचं, या पोराचं सगळंच आपल्या ओंजळीत आहे. वाटू दे. त्या वयाच्या मुलांच्या आयांना तसं वाटतंच.

शाळेत जायला लागल्यावर तो शहाण्यासारखा बसू लागला, आणि मग मला एक गंमत दिसली. समोर बसवून "आज काय झालं रे शाळेत?" असं विचारलं की हा पठ्ठ्या म्हणायचा, "काही नाही." पण चादर गळ्यात पडली, आई मागे गेली, कात्रीचा कच् कच् आवाज सुरू झाला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. वर्गाची काच कोणी फोडली, कवायतीच्या सरांची भीती का वाटते, मित्राने डबा एकट्याने का खाल्ला, सगळं बाहेर. आईला हे पार्लरमुळे ठाऊक होतं. मोठमोठ्या बायकासुद्धा तिच्याकडे पाठ करून बसल्या की मनातलं बोलायच्या. आई नुसती "हं" म्हणायची, फार तर "मग?" म्हणायची. मित्रांनो, त्या "मग?"ला केवढी ताकद असते, ते मी सांगून तुम्हाला कळायचं नाही.

मग धाकटी आली. तिला घरात सगळे टकळी म्हणत, त्यावरून काय ते समजा. तिला बोलतं करायला कात्री, चादर कशाचीच गरज नव्हती. गरज होती ती गप्प करायची. एकदा तिने स्वतःच कात्री घेतली आणि कपाळावरची झुलपं मुळापासून उडवली. वर आरशात बघून म्हणाली, "आई, तुझ्यापेक्षा बरं जमलंय." आईने आधी डोक्याला हात लावला आणि मग पोट धरधरून हसली. थोरल्याने हेच केलं असतं तर तो आठवडाभर कोपऱ्यात तोंड लपवून बसला असता. आई शेजारच्या काकूंना म्हणायची, "एकाला वाढवताना जे जे शिकले, ते दुसरीच्या वेळी काही म्हणजे काही उपयोगाला येईना. पुन्हा पहिलीत बसल्यासारखं झालंय."

थोरल्याला मिसरूड फुटलं आणि घरातली हवा बदलली. तो कमी बोलू लागला. आईला चैन पडेना. तिने काय करावं? तिला ती पाठीमागून बोलण्याची युक्ती माहीत होती ना, ती तिने मुद्दाम वापरायला घेतली. केस वाढलेले असोत नसोत, "ये रे, जरा नीट करून देते," म्हणून त्याला माझ्यावर बसवायची आणि कात्री उगाच हवेत वाजवत विचारायची. अभ्यास कसा चाललाय? परवा दाराशी आलेला तो मुलगा कोण? फोनवर एवढं काय बोलतोस? थोरल्याची पाठ ताठ व्हायची आणि ते मला चांगलं जाणवायचं. अहो, पण खुर्चीचं ऐकतो कोण?

एका रविवारी त्याने गळ्यातली चादर काढली, नीट घडी घालून आईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, तू केस कापायला बसवत नाहीस. पोलीस चौकीत बसवतेस."

त्यानंतर तो सलूनमध्ये जाऊ लागला. आईच्या जिव्हारी लागलं ते. बायकांची रांग लागायची तिच्या हाताखाली, आणि पोटचा पोर परक्याकडून केस कापून येतो! मलाही वाईट दिवस आले. माझ्यावर उभं राहून माळ्यावरचे डबे काढणं, माझ्यावर ओली बादली ठेवणं, भिंतीला रंग देताना मला ठिपके पाडणं, असली कामं वाट्याला आली. टकळी तेवढी अधूनमधून बसायची. थोरला मात्र घरात असून नसल्यासारखा. "हो," "नाही," "बघू." त्याच्या तोंडून याखेरीज शब्द फुटत नसे.

आणि एक दिवस त्याच्या क्लासच्या सरांचा फोन आला. मुलगा आजारी आहे का, महिनाभर दिसला नाही, म्हणून विचारत होते.

आईने फोन ठेवला आणि ती माझ्यावर बसली. थोरला तर रोज संध्याकाळी दप्तर घेऊन क्लासला म्हणून बाहेर पडत होता. मग जात होता कुठे? बाबा आले आणि ऐकून संतापले. "आज येऊ दे त्याला. चांगला खडसावतो."

"थांबा," आई म्हणाली. "खडसावलंत तर आज येतोय तेवढाही घरी यायचा नाही."

"मग काय आरती ओवाळू त्याची?"

"मला नाही माहीत काय करायचं," आई म्हणाली. "लहानपणी अंग गरम लागलं की कळायचं, ताप आहे. आता हात लावायला गेलं तर मान काढून घेतो. कसं कळणार मला?"

मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण तेव्हा माझे सांधे करकरले. ती रोज दाराकडे डोळे लावून बसायची. तो आला की "जेवतोस ना?" एवढंच विचारायची आणि बाकीचे सगळे प्रश्न गिळून टाकायची. ते गिळणं किती जड होतं ते मला ठाऊक आहे, कारण ती माझ्यावरच बसलेली असायची.

पुढच्या सुट्टीला बाबा ड्यूटीवर होते आणि टकळी मैत्रिणीकडे गेली होती. आईने पेपर अंथरले, मला खिडकीशी ओढलं आणि चादर स्वतःच्याच गळ्याभोवती गुंडाळली. मग हाक मारली, "अरे, जरा इकडे ये. मागची टोकं तेवढी सरळ करून दे."

थोरला दारातच थबकला. "मी? मला कुठे येतं?"

"न यायला काय झालं? आयुष्यभर बघत आलायस. पार्लरमधल्या सगळ्या जणी रजेवर आहेत आणि मला माझी पाठ दिसत नाही."

ती मुद्दाम बसली होती की तिचे केस खरंच वाढले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पण ती वाट बघत बसली. थोरला घुटमळला, मग आत आला. त्याने कात्री उलटसुलट करून पाहिली, कंगवा पाण्यात बुडवला आणि आईचे केस विंचरायला घेतले.

"दुखतंय का?"

"नाही."

पहिली बट पडली. आई काही बोलली नाही. दुसरी पडली. मित्रांनो, एखादी आई इतका वेळ गप्प बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"आई," थोरला म्हणाला. "मी क्लासला जात नाही."

"हं."

"तिथे मला काहीच कळत नाही गं. सगळ्यांना कळतं. मी नुसती मान हलवतो. मग एक दिवस गेलोच नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत बसतो."

कात्री थांबली होती. आई म्हणाली, "मग?"

"मग रोज वाटायचं, आज सांगू. घरी आलो की तुझं तोंड बघून धीर व्हायचा नाही. कधी कधी तर..." तो अडखळला. "कधी कधी वाटायचं, परत घरी जाऊच नये."

आईचे दोन्ही हात चादरीखाली होते. त्या हातांनी तिने माझी कड धरली. अशी धरली, की तिच्या नखांचे व्रण आजही माझ्या लाकडावर आहेत. तिचं सारं अंग मागे वळायला धावत होतं. मागे वळावं, पोराला पोटाशी धरावं, चार धपाटे घालावेत, पुन्हा पोटाशी धरावं. पण ती वळली नाही. समोर खिडकीकडे बघत बसली, आणि तिच्या हनुवटीवरून एक थेंब चादरीवर पडला. तो थोरल्याला दिसला नाही.

"मला सांगितलं असतंस तर मी रडले असते," ती म्हणाली.

"तेच तर."

"मग डोळे पुसून चहा टाकला असता आणि दोघांनी बसून विचार केला असता. त्यात काय एवढं? रडणं काय, होऊन जातं."

थोरल्याने कंगवा पुन्हा पाण्यात बुडवला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो कापू लागला आणि बोलू लागला, आणि थांबेचना. त्याला यंत्रं आवडतात, पुस्तकातले आकडे डोक्यात शिरत नाहीत, बाबा काय म्हणतील याची भीती वाटते, सगळं आलं. बोलण्याच्या नादात तो कापतच गेला. खांद्यावर रुळणारे आईचे केस कानापर्यंत आले. एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला कानाच्या खाली.

"अगं बाई!" आरशात बघून आई किंचाळली. थोरला पांढराफटक पडला. मग दोघंही हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच डोक्याने पार्लरमध्ये गेली. दिवसभर लोकांचे केस सरळ करणारी बाई आणि तिचंच डोकं हे असं! संध्याकाळी बाबांना सांगत होती, "मालकीणबाईंनी तर कात्रीच हातात घेतली, म्हणाल्या, बस, सारखं करून देते. मी हात लावू दिला नाही. म्हटलं, माझ्या मुलाने कापलेत." बाबा तिच्या डोक्याकडे बघत राहिले आणि मग थोरल्याला हाक मारून म्हणाले, "यंत्रांचं काय म्हणत होतास ते जरा मलाही सांग. फक्त कात्री खाली ठेव."

पुढे थोरल्याने मार्ग बदलला. आता तो लिफ्ट दुरुस्त करतो. टकळीही मोठी झाली आणि दूर नोकरीला गेली. तिची तऱ्हा उलटी होती. ती जास्तच बडबड करू लागली की आई सावध व्हायची, कारण मनात काही सलत असलं की ती बाकी सगळं बोलायची आणि तेवढंच टाळायची. आई कात्री चालवत तिचं सगळं ऐकून घ्यायची, संपेपर्यंत. संपलं की खरं बोलणं सुरू व्हायचं. "लहान होती तेव्हा त्यांना धरून ठेवायला हात पुरत नव्हते," आई एकदा मला पुसताना म्हणाली, "आणि आता हे हात आवरता आवरत नाहीत."

आता मी म्हातारी झाले आहे. माझा एक पाय लुळा पडलाय आणि बाबांनी त्याला दोरी बांधली आहे. सुतार परवडला, पण बाबा नकोत! माझ्यावर जपून बसा, ओली बादली ठेवू नका, आणि कृपा करून मला स्टूल म्हणू नका, एवढी माझी स्वतःची विनंती आहे.

दुसरी विनंती तुमच्या आईसाठी आहे. मित्रांनो, ती समोर बसून विचारते तेव्हा सांगवत नसेल, तर राहू द्या. पण कधी ती पाठमोरी बसलेली दिसली, तर तिच्या मागे जाऊन उभे राहा. केस विंचरा, नाहीतर नुसते उभे राहा आणि बोला. ती वळणार नाही. त्यासाठी तिला काय करावं लागतं, ते तिच्या खुर्चीला माहीत असतं.