कुठे उतरलात?

परगावी गेलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात: कधी आलात आणि कुठे उतरलात. पहिल्याचे उत्तर कोणीही देतो. दुसऱ्या प्रश्नाने मात्र विचारणारा आपल्याला नकळत तराजूत घालतो, आणि काटा कुठे थांबतो ते आपल्याआधी त्याला कळते.

त्या प्रश्नाला आईचे आयुष्यभर एकच उत्तर होते: "ताईकडे."

मोठ्या शहरात आईची थोरली बहीण राहत असे. मावशी वाईट नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. ती जीव लावी आणि वाटेकडे डोळे लावून बसे. "तू बस गं चिमे, दमून आलीस," असे ती दारातच म्हणे, आणि म्हणता म्हणता आईपुढे विळी आणि कांद्यांची परडी सरकवी. मग आई बाह्या सरसावून ओट्यापाशी उभी राही, ती परतीच्या दिवशीच बाजूला होई. आईने शहर पाहिले ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून, म्हणजे समोरच्या इमारतीची पाठ आणि तिच्यावरून उतरणारे नळ. रात्री दिवाणखान्यात गाद्या पडत आणि पहाटे दूधवाल्याच्या घंटेआधी उचलल्या जात.

एका संध्याकाळी मुलगा आईच्या चष्म्याचा सैल स्क्रू आवळत बसला होता. चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम तो करी. बोलायचा फार कमी. लोकांच्या डोळ्यांत बघायचे तेही भिंगाच्या निमित्ताने. आई लाँड्रीतून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एका सदऱ्याची कॉलर बसवता बसवता ती त्या कॉलरलाच सांगावे तसे म्हणाली, "एकदा तरी कुणी विचारावं, कुठे उतरलात, आणि माझ्या तोंडून जागेचं नाव निघावं. माणसाचं नको."

मुलाने चष्मा पुसून तिच्या हातात दिला. पण त्या क्षणी त्याने मनात जी गाठ मारली, ती पुढे बरेच दिवस त्याला बोटाला लागत राहिली.

त्या वर्षी त्याने जुनी गाडी घेतली होती. ती पूर्वी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांकडे होती, त्यामुळे दारावरचा रंग उतरला तरी 'शिकाऊ' ही अक्षरे उन्हात अजून पुसट दिसत, आणि रस्त्यावरचे लोक आपणहून चार हात लांब राहत. शेजारच्या आसनापाशी गुरुजींसाठीचा दुसरा ब्रेक होता. मुलाने तो केव्हाच निकामी करून घेतला होता. बाबांना मात्र सांगितले नव्हते. बाबा सुतार. आपल्या हातापायांखाली काहीतरी असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तीन दिवसांची जोडून सुट्टी जवळ येऊ लागली, तसे त्याने मावशीच्या शहरातल्या हॉटेलांना फोन करायला सुरुवात केली. ज्याला दुकानात गिऱ्हाइकाला "पुढची ओळ वाचा" म्हणायचाही संकोच वाटे, तो रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानामागच्या जिन्यात बसून अनोळखी माणसांना दर विचारू लागला. शहराच्या मध्यातल्या हॉटेलांचे दर सुट्टीच्या नुसत्या चाहुलीने आभाळाला टेकले होते. एक खोली परवडणारी निघाली, तर गाडी उभी करण्याचे भाडे माणसांच्या भाड्याच्या तोंडात मारेल असे.

"दादा, सोपं आहे," धाकटी बहीण म्हणाली. "गाडीला खोलीत झोपवू. आपण पार्किंगमध्ये पडू."

"मी म्हणतो, घर असताना हॉटेल कशाला?" बाबा रंधा पुसत म्हणाले. "दारात विहीर आणि पाणी विकत."

"ती विहीर तुमच्या दारात आहे," आई शांतपणे म्हणाली. "रहाट मी ओढते."

बाबांनी रंधा पुन्हा एकदा पुसला.

हमरस्त्यावरची हॉटेले स्वस्त होती, पण तिथून शहरात जाऊन येण्यातच सुट्टी संपली असती. मुलाचा धीर सुटत चालला असता एक गिऱ्हाईक दुकानात आले. चष्मा सुट्टीच्या आधीच हवा, असा त्याचा हट्ट होता. शहरातल्या कचेऱ्यांच्या भागात तो कामाला जाई. "सुट्टीत तिकडे चिटपाखरू नसतं हो," तो म्हणाला. "सुट्टी संपताच कामावर परत जायचं, तेव्हा चष्म्याची घाई नको."

मुलाच्या हातातले भिंग तसेच थांबले. कामाच्या दिवशी त्या भागात जे फिरते विक्रेते आणि हिशेबतपासनीस मुक्काम करतात, ते कुठेतरी झोपत असणारच. मग सुट्टीत त्या खाटा काय करतात? जिथे कोणी मजेसाठी जात नाही, तिथेच मजेच्या दिवशी जागा मोकळी असणार. इतकी साधी गोष्ट दिसायला त्याला किती दिवस लागले होते!

तिथले पहिलेच हॉटेल पसंतीस उतरले. सुट्टीपुरता दर निम्म्यावर, अंगणात गाडी फुकट, आणि शहराच्या मध्यात नेणारी रेल्वे पायी जाण्याच्या अंतरावर. व्यवस्थापकाने विचारले, "किती जण?" आता आपण फार मागतो आहोत, असे वाटून मुलगा ओशाळला. त्याचा आवाज खाली गेला. "आम्ही... दोघं-चौघं आहोत."

"ठीक," पलीकडून उत्तर आले.

निघाल्यापासून बाबा प्रत्येक वळणावर तो निकामी ब्रेक दाबत होते. एकदा मालमोटार अंगावर आली तेव्हा त्यांनी तो मुळापर्यंत दाबला, आणि मुलाने वेळेवर वेग कमी केल्यावर कपाळ पुसून म्हणाले, "बघितलंत? मी होतो म्हणून." मागे आई हॉटेलचे नाव घोकत होती. नाव लांबलचक आणि परक्या वळणाचे होते. धाकटी तिला मध्येच अडवून विचारी, आणि आई प्रत्येक वेळी एखादे अक्षर गाळी.

हॉटेलात पोचल्यावर व्यवस्थापकाने एकच किल्ली पुढे केली. किल्लीवरचा बिल्ला छोटा होता आणि खोलीही तशीच निघाली. दोन खाटा आणि मध्ये चालायलाही आडवे व्हावे लागेल अशी फट.

"दोघांची खोली," तो म्हणाला. "तुम्ही दोघं म्हणालात."

"दोघं-चौघं म्हणालो."

"दोघं ऐकलं. चौघं तुम्ही फारच हळू म्हणालात साहेब." माणूस खोडसाळ नव्हता, त्याला खरोखरच वाईट वाटत होते. "वर मोठी खोली आहे, पण तो मजला बंद ठेवलाय. माणसं सुट्टीवर गेलीत. गाद्या उघड्या पडल्यात, चादरी कपाटात. मी एकटा काय काय करू?"

बाबांनी बॅग उचलली. त्यांच्या आवाजात सुटकाही होती. "चला तर. ताई वाटच बघत असतील."

"चला," आई म्हणाली. हसत म्हणाली, पण चेहरा उतरला होता. मुलाने ते पाहिले. आणि आणखीही एक गोष्ट पाहिली, जी कदाचित आईलाही कळली नसेल. दाराकडे वळता वळता तिचे हात आपोआप बाह्या सरसावत होते. मावशीचा ओटा अजून अर्ध्या शहरापलीकडे होता, आणि ती इथूनच त्याच्यापुढे उभी राहिली होती.

एखादी ओळ अंधुक दिसत असावी आणि योग्य भिंग पुढे येताच तिची अक्षरे टोचतील इतकी स्पष्ट व्हावीत, तसे त्याला झाले.

"चौघं," तो म्हणाला. व्यवस्थापकाने दचकून मान वर केली. धाकटीनेही. त्या आवाजाला घरात कोणी ओळखत नव्हते. "आम्ही चौघं आहोत. मी हळू बोललो, माझं चुकलं. पण आम्ही इथेच राहणार. वरची खोली उघडा. चादरी आम्ही घालतो, केर आम्ही काढतो. ठरलेलं भाडं देतो."

व्यवस्थापकाने मागच्या फळीवरून दुसरी किल्ली काढली. "चादरी जिन्याखालच्या कपाटात. उशा मोजून घ्या. दोन कायम कमी भरतात."

आई पुढे झाली. "चादरी ना? द्या इकडे. तुम्हाला कोपरे दुमडता यायचे नाहीत."

"आई," मुलगा म्हणाला, "तू बस."

हे दोन शब्द तिने आयुष्यात इतक्यांदा ऐकले होते की ते ऐकताच तिची नजर विळी शोधू लागे. तिने पाहिले. पुढे काहीच आले नाही. फक्त एक तपकिरी सोफा होता, त्याची बैठक किंचित खचलेली.

वरच्या खोलीत बाबांनी चादर अशी ताणली, जणू कपाटाला पत्रा ठोकत आहेत. "कोपरा काटकोनात हवा," ते पुटपुटले, आणि तो येईपर्यंत पुन्हा पुन्हा उपसत राहिले. एका खाटेचा पाय डुगडुगत होता. बाबांनी खिशातून लाकडाची पाचर काढून खाली सारली. सुतार पाचर घेऊनच सुट्टीवर जातो. धाकटीने केर काढला आणि उरलेला वेळ दोघांच्या चुका काढल्या. मुलगा उशा न्यायला खाली आला, तेव्हा जिन्याच्या वळणावर थबकला.

आई सोफ्याच्या कडेला बसली होती, परक्या घरी बसतात तशी, हाक आली की उठता यावे म्हणून. हातात पाण्याचा पेला होता. हाक येईना. हळूहळू तिने पाठ टेकवली. मग एक बाही खाली केली, मग दुसरी, आणि मनगटावरची चुणी इस्त्री फिरवावी तशी तळव्याने सपाट केली. मुलगा तिथेच उभा राहिला. त्याला खाली उतरवेना. एवढीशी पाठ टेकायला तिला इतकी वर्षे लागली.

त्या दुपारी आईने शहर समोरून पाहिले. पुलावर ती पुष्कळ वेळ उभी होती. "बघितलं का, तोंड चांगलं आहे की याचं," एवढेच म्हणाली.

संध्याकाळी मावशीकडे जेवण होते. मावशीच्या शेजारीणबाई आईला ओळखत. त्यांनी सवयीने विचारले, "कुठे उतरलात? ताईंकडेच ना, नेहमीसारख्या?"

आई सरसावून बसली. हीच ती घडी. तिने ओठ उघडले, आणि ते लांबलचक नाव, वाटभर घोकलेले, साफ उडून गेले. धाकटी समोरून ओठांनी अक्षरे दाखवू लागली. मुलगा दाराशी उभा होता. त्याला ओरडून सांगता आले असते, पण त्याचा आवाज सकाळीच खर्च झाला होता. आईने त्याच्याकडे पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावरची घाई एकाएकी गळून पडली.

"मुलाकडे," ती म्हणाली.

"अगंबाई, मुलगा इथे असतो?"

"तीन दिवस असतो."

सगळे हसले. बाबा सर्वांत मोठ्याने हसले आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून सांगू लागले, "गाडी चालवतो चांगली. ब्रेक मात्र मला बघावा लागतो." मुलगा मान खाली घालून उभा राहिला. कान तापले होते. आई जागेचे नाव हवे म्हणाली होती, आणि शेवटी माणसाचेच दिले; पण या वेळी ते देताना तिचा आवाज खाली गेला नव्हता.

मावशी हसली नाही. निघताना तिने आईला जिन्यात गाठले. "माझ्याकडे जागा नव्हती का गं चिमे? की मी तुझ्या मनातून उतरले?"

"मनातून कशी उतरशील?" आई म्हणाली. "झोपायला जागा होती ताई. बसायला नव्हती."

गाडी वळेपर्यंत मावशी दिव्याखाली उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. मावशी एकटीच आली होती. तिने खोली पाहिली, ताठ चादरी पाहिल्या, पाचरीवर उभी खाट पाहिली. "बस ना," आई म्हणाली, आणि खिडकीजवळची एकुलती खुर्ची तिच्यापुढे केली. खोलीतल्या विजेच्या किटलीत आईने चहा केला. या शहरात थोरल्या बहिणीला पाहुणी म्हणून तिने पहिल्यांदाच काही दिले होते. मावशीने घुटके घेत तो संपवला आणि दोन्ही पेले गोळा करून ती उठली. "थांब, विसळून टाकते."

"ताई," आई म्हणाली, "तू बस."

मावशी पेले हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग ते तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि बसली. खाली कचेऱ्यांचा रस्ता सुट्टीत झोपला होता. सगळ्या काचांवर नुसते ऊन. थोड्या वेळाने मावशीने चपला काढल्या आणि पाय खुर्चीवर घेतले, आईने लहानपणी पाहिले असतील तसे.

मुलगा दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभा होता. शहर बघायला निघायचे होते, पण त्याने कोणाला घाई केली नाही.

"तुझ्या मुलाकडे," मावशी म्हणाली, "उजेड छान येतो गं."