मी काळा घेवडा, औषध नव्हे

मी काळा घेवडा बोलतोय, आणि आज जरा रागातच बोलतोय.

वाहाका प्रांतातल्या डोंगरउतारावर मक्याच्या ताटाला वेढे घालत आमचा वेल वाढला. शेंगा वाळल्यावर आमच्या मालकिणीने, ओतिलियाने, त्या अंगणात बडवल्या, आम्हाला पाखडलं आणि रांजणात भरलं. तिच्या घरी आमच्याशिवाय चूल पेटत नसे. भिजवलेले दाणे मातीच्या भांड्यात खदखदायचे आणि तो काळाभोर कट मक्याच्या भाकरीबरोबर घरदार ओरपायचं.

अशातच तिच्या नवऱ्याला, क्रेसेन्सिओला, साखरेचा आजार जडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोड पाव कमी करा, गोळ्या चुकवू नका. घेवडा मात्र खात जा. त्यातल्या चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. काळ्या सालीत द्राक्षासारखी रंगद्रव्यं असतात, तीही बहुधा चांगलीच. अभ्यास चाललाय अजून."

ऐकून माझी छाती फुगली. पण माणसांना 'बहुधा' हा शब्द ऐकूच येत नाही!

क्रेसेन्सिओचा चुलतभाऊ इलारिओ लगेच सल्ला द्यायला हजर. "अरे, उकळलं की सगळं सत्त्व वाफेबरोबर उडून जातं. कच्चाच दळ आणि उपाशीपोटी पाण्यातून घे. साखर शेपूट घालून पळेल बघ!"

ओतिलिया फणकारली, "म्हणजे माझी आई, आजी, पणजी चुलीपुढे उगाच डोळे चुरचुरवत बसायच्या काय?"

"वहिनी, तो जुना काळ होता."

मी रांजणातून जीव तोडून ओरडत होतो. अरे, कच्चेपणी माझ्या अंगात विष असतं! किड्यांनी मला खाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेलं. ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. पण दाण्याचं कोण ऐकतो?

क्रेसेन्सिओने माझ्या भावंडांचं पीठ पेलाभर पाण्यात ढवळलं आणि घटाघटा प्यायला. ऊन चढायच्या आत तो अंगणात ओकत पडला होता. ओठ पांढरे, हातपाय गार. शेजाऱ्यांनी त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ओतिलिया वाटभर त्याचं डोकं मांडीवर धरून बसली होती.

तो वाचला. घरी आला आणि म्हणाला, "तो विषारी दाणा पुन्हा माझ्या ताटात नको."

घ्या! काल मी अमृत होतो, आज विष झालो. चूक इलारिओच्या जिभेची, शिक्षा मला. आमच्या जागी परत गोड पाव आला, साखर आणखी चढली आणि आम्ही रांजणात कडक होत पडलो.

शेवटी ओतिलियाचा संयम सुटला. तिने भांडं चढवलं, दाणा बोटांत लोण्यासारखा चिरडेपर्यंत उकळलं आणि त्याच्यासमोर बसून आधी स्वतः वाटीभर खाल्लं.

"बघ, मेले का मी?"

"तुला काय होणार? तू दगड पचवशील," तो पुटपुटला.

"दगडाशीच तर संसार केलाय."

तो हसला नाही. पण भाकरीचा तुकडा कटात बुडवला. मग दुसरा. मग कुणाकडे न बघता वाटी पुढे केली.

उद्याच्या भांड्यात माझी पाळी आहे. जाताजाता एवढंच सांगतो: मला देव करू नका, सैतानही करू नका. गोळीच्या जागी मला बसवू नका. भूक लागली की नीट शिजवा आणि गपचूप खा.