बोंबोची माळ

लुकवागोला जुळे मुलगे झाले, तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. वासवा आणि काटो ही नावं तर जुळ्यांची ठरलेलीच. पण ती चारचौघांत पुकारायची, तर बापाच्या गळ्यात बोंबोच्या वेलाची माळ हवी. शेजाऱ्यांनी वेल देऊ केला, तेव्हा पठ्ठ्या म्हणाला, माझ्या कुंपणावर हत्तीला नेसवण्याइतका आहे. त्याची बायको नांतोंगो महिनाभर सांगत होती, वेलावर किडे पडलेत, वेचून काढा. पण ऐकतो कोण?

सोहळ्याच्या सकाळी तो कोयता घेऊन कुंपणाशी गेला, तर पानांच्या नुसत्या जाळ्या उरलेल्या. वर काळ्या ठिपक्यांचे नारिंगी किडे इतके गच्च, की वेलाला मोहोर आलाय असं वाटावं. खाऊन खाऊन सुस्तावलेले. झटकले तरी वेल सोडेनात. शेजाऱ्यांकडे आता कोणत्या तोंडाने जायचं? त्यात बायकोची आत्या येऊन बसलेली. तिच्या होकाराशिवाय नावं पुकारता येत नव्हती. लुकवागोने किड्यांसकट वेल गळ्यात घातला.

आत्याबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जावईबापू, तुमची पानं चालतात की हो."

"ताजी आहेत, आत्याबाई."

अंगणात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. आत्याबाईंनी मात्र बजावलं, हिरवं पान दिसल्याशिवाय नावं नाहीत.

ढोलवाल्याला तेवढा धीर कुठला? त्याने टिपरू हाणलं. त्या दणक्याने किडे एकदम उडाले आणि घाईत वेल सोडायचाच विसरले. माळ लुकवागोच्या गळ्यातून वर निघाली, केळीच्या बागेवरून गरगरत फिरली, फणसाला वळसा घालून आली आणि थेट आत्याबाईंच्या डोक्यावर बसली. शंका असेल त्याने तो फणस जाऊन पाहावा, अजून तिथेच आहे.

जुळ्यांच्या आईबापांनी घालायची ती माळ! आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"काढा गं हे, या वयात मला जुळी व्हायची."

"आधी नावं, आत्या," नांतोंगो शांतपणे म्हणाली.

आत्याबाईंनी नावं अशी पुकारली, की पलीकडच्या टेकडीवरच्या गाईंनी कान टवकारले. मग माळ उतरवली, तर त्यांच्या कानामागे एक अख्खं हिरवं पान निघालं. ते त्यांनीच सगळ्यांना दाखवलं आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांचं नाचणं काही थांबलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लुकवागो कुंपणाशी किडे वेचताना दिसतो. मुक्काम वाढवलेल्या आत्याबाई स्टुलावर बसून, राहून गेलेला किडा काठीने दाखवतात.